शीण उतरवायचं न्हाणं

मार्च उजाडला की आमच्या शाळेच्या आवारातला कडुलिंब फुलतो आणि त्याच आठवड्यात बाकांवर खडूनं दहावीचे नंबर टाकले जातात. खिडक्या उघड्या ठेवल्या तर लिंबाची फुलं आत येऊन उत्तरपत्रिकांवर पडतात, बंद ठेवल्या तर पोरं उकाड्यानं हैराण होतात. गेली बावीस वर्षं मी परभणीत विज्ञान शिकवते आणि दर मार्चमध्ये कुठल्या ना कुठल्या खोलीत पर्यवेक्षक म्हणून येरझाऱ्या घालते. तीन तास न बोलता राहणं हे माझ्यासारख्या बडबड्या बाईला मोठंच काम आहे. मग मी पोरांचे हात बघते. कुणाच्या बोटांना शाई, कुणाच्या मेंदी, कुणाचे घट्टे पडलेले. घट्टे असलेली पोरं कुठून आली असतील ते मला विचारावं लागत नाही.

यंदा बीजगणिताच्या पेपराला तिसऱ्या रांगेतली एक मुलगी झोपली. डुलकी वगैरे नव्हे, चांगली गाढ. गाल उत्तरपत्रिकेवर, तोंड जरासं उघडं. मी खांद्याला हात लावून उठवलं तर दचकून म्हणाली, "किती वेळ राहिला, मॅडम?" पाऊण तास होता. तिनं तोंडावरून हात फिरवला आणि लिहू लागली. पेपर गोळा झाल्यावर ती माठाजवळ पाणी प्यायला थांबली, तेव्हा मी विचारलं, "जागून अभ्यास केलास वाटतं?"

"न्हाई मॅडम. काल आई आली कारखान्यावरून."

एवढंच बोलून ती गेली. काल तू आईला न्हाऊ घातलंस का, असं मला तिला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. पेपरांचा गठ्ठा हातात घेऊन दारात तशीच उभी राहिले, आणि आमच्या केंद्रप्रमुखांनी दोन हाका मारल्यावर भानावर आले.

आमचं गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. दिवाळी झाली की आमची अर्धी गल्ली ऊस तोडायला जायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायची. जाताना ट्रकवर संसार रचलेला असायचा, त्यावर माणसं, माणसांवर लेकरं, आणि सगळ्यांत वर एखादी कोंबडी. येतानाही तसंच, फक्त कोंबडी नसायची. गाडी वेशीजवळ थांबली की पुरुष आधी नदीवर जायचे आणि डुंबून, कपडे झाडून, मोकळे व्हायचे. बायका मात्र सरळ घराकडं यायच्या, पण घरात शिरायच्या नाहीत. अंगणातच थांबायच्या. कारण त्यांचा शीण उतरायचा असायचा.

शीण म्हणजे थकवा, असं शब्दकोशात असेल. आमच्या गल्लीत शीण ही वस्तू होती. तो अंगावर बसायचा, हाडात उतरायचा, आणि वेळीच काढला नाही तर तिथंच घर करून राहायचा. तो काढायचा एकच मार्ग होता. अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर आलेल्या बाईनं बसायचं. भोवती जुन्या लुगड्याचा पडदा. चुलाणावर लिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी. आणि न्हाऊ घालायचं ते त्या घरात जी बाई मागं राहिली असेल, तिनंच. जी गेली नाही, जी सहा महिने सावलीत बसून जेवली, तिनं. गेलेल्या बाईनं गेलेल्या बाईला घातलं तर त्याचा उपयोग नसायचा.

आमच्या घरी मागं राहणारी म्हणजे माझी आत्या, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, विधवा बहीण. तिच्या भरवशावर मला ठेवून आई-दादा जायचे. आत्या मला या न्हाण्याचं शास्त्र सांगायची. "तुज्या आईत आता शीण लय हाय आन् माज्यात इसावा लय. पानी दोगींच्या मदून गेलं की सारकं हुतंय." मग त्याच्या पायऱ्या. पाणी आधी पायांवर, मग हातांवर, मग पाठीवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. वजरीनं टाचा घासायच्या. करडीचं तेल आणि हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. सगळं झालं की न्हाऊ घालणारीनं आपला उजवा तळवा तिच्या उघड्या पाठीवर टेकवायचा आणि दोन्ही अंगं सारखी ऊन लागेस्तोवर हलवायचा नाही. वाहिलेलं पाणी पपईच्या आळ्यात सोडायचं, रस्त्यावर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाला शीण लागायचा.

मी सातवीला उष्णतेचा धडा शिकवते. एक गरम वस्तू आणि एक थंड वस्तू एकमेकींना चिकटवून ठेवली की काही वेळानं दोघींचं तापमान सारखं होतं. हे वाक्य फळ्यावर लिहिताना दरवर्षी माझा खडू क्षणभर थांबतो. आत्या कधी शाळेच्या पायरीला लागली नव्हती.

मध्यंतरी आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडम कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि सगळ्यांसाठी मिठाची पाकिटं घेऊन आल्या. गुलाबी मीठ, त्यात वाळलेल्या पाकळ्या. शरीरातल्या ऊर्जेचा समतोल राखण्यासाठी हे मीठ कोमट पाण्यात घालून आठवड्यातून एकदा स्नान करावं, दार लावून, दिवा लावून, एकट्यानं, असं पाकिटावर छापलं होतं. आम्ही सगळ्याजणी हसलो, आणि सगळ्याजणींनी पाकिटं गुपचूप पर्समध्ये टाकली. घरी गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं. एकट्यानं या शब्दाशी अडखळले. एकट्यानं समतोल साधायचा तरी कुणाशी? ते पाकीट अजून बाथरूमच्या फळीवर आहे आणि दमटपणानं त्याचा गोळा झालाय.

आत्या आईला न्हाऊ घालायची तेव्हा माझ्याकडं चुलाणाचं काम असायचं. काटक्या सरकवायच्या, पाला तोडून आणायचा, पाण्याची कळशी पडद्याखालून आत ढकलायची. पडद्याच्या आत यायला मला बंदी होती. आत दोघींचं काहीबाही बोलणं चालायचं, सुरुवातीला जरा भांडल्यासारखं, मग हळू, मग नुसताच पाण्याचा आवाज. काय बोलतात ते मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. मोठ्या बायकांचं बोलणं, असं समजून मी धुरापासून तोंड फिरवून बसायचे. थोड्या वेळानं आई बाहेर यायची तेव्हा ती वेगळीच दिसायची. ओले केस, स्वच्छ लुगडं, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की मला तिच्या मांडीवर जाऊन पडावंसं वाटायचं. मग आई घरात शिरायची आणि मला जवळ घ्यायची. त्याआधी नाही. आणि आत्या? ती ओसरीवर आडवी व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. हलवली तरी नाही. सहा महिने कुठंही न गेलेली बाई इतकी झोपते कशी, असं मी विचारलं तर आई म्हणायची, "माजा शीण गेलाय की तिच्यात. आता झोपू दे तिला."

मी दहावीत होते त्या वर्षी दिवाळीनंतर आत्या वारली. आई येऊन आठ दिवस राहिली आणि परत गेली, कारण टोळीत बाईमाणूस कमी पडलं की दादांचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अडून बसायचा. मी शेजारच्या घरी झोपायला जायचे आणि दिवसभर आमच्या ओसरीवर अभ्यास करायचे. एकटी राहायची भीती वाटायची का? वाटायची. पण त्यापेक्षा बीजगणिताची भीती मोठी होती. गावातून त्या वर्षी परीक्षेला बसणारी मी एकटीच मुलगी होते, त्यामुळं नापास झाले असते तर लपायलाही कुणाची आड नव्हती.

बीजगणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी टोळी येणार असा निरोप आला. मागं राहिलेली बाई आता मीच होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मला ते कळत होतं. मी सकाळी चुलाण पेटवलं. पाला तोडला. आत्याचं जुनं लुगडं दोरीवर टाकून पडदा केला. वजरी शोधून धुऊन ठेवली. हे सगळं करताना डोक्यात सूत्रं चालू होती आणि सूत्रांच्या मागं एक धाकधूक. आत्याला मी बघितलं होतं. ती दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. मी झोपले तर? उद्या पेपरात डोळे मिटले तर? मी तेव्हा या न्हाण्यावर पूर्ण विश्वास ठेवत होते, आणि नेमका तोच माझ्या आड आला.

आई आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तिचा रंग करपल्यासारखा झाला होता. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे, आणि डोक्यावर चुंबळ बसते तिथले केस विरळ होऊन मागची कातडी दिसत होती. तिनं चुलाणाचा धूर बघितला, पडदा बघितला, आणि ती हसली. एवढं मोठं हसली की मला एकदम लाज वाटली. गाठोडं खाली ठेवून ती सरळ न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली. मी तांब्या भरून घेतला.

"नको गं माय," आई म्हणाली. "उद्या पेपर हाय न्हवं तुजा? माजा शीण तुला लागंल."

मी म्हटलं, "बरं."

आणि तांब्या खाली ठेवला.

पुढची तीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. शाळेतल्या कार्यक्रमात सांगितली, पालकांच्या सभेत सांगितली, माझा सत्कार झाला तेव्हा सांगितली. माझ्या आईनं माझ्या एका पेपरासाठी सहा महिन्यांचा शीण अंगातच ठेवला. लोक गलबलून जायचे. एकदा तर एक पालक व्यासपीठावर येऊन माझ्या पाया पडू लागले. गोष्ट खोटी नव्हती. पण तिच्यातलं एक वाक्य मी कायम गाळत आले. ते असं, की आई नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मी आत जाऊन पुस्तक उघडलं आणि लगेच एक उदाहरण सोडवलं, ते बरोबर आलं, आणि मला आनंद झाला.

आई मात्र दगडावर बसून राहिली. बराच वेळ. मी दोनदा मान वर करून बघितलं, ती पडद्याआड तशीच होती, पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. दमली असेल, बसू दे जरा, असं मला वाटलं. मग कधीतरी तांब्याचा आवाज आला. तिनं आपल्याच हातानं पाणी घेतलं होतं. अंग पुसून ती घरात आली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल, भाकरी टाकते. काय खातीस?"

मला गणितात चांगले मार्क पडले. आईला वाटलं, आपण शीण आपल्यापाशी ठेवला म्हणून पडले. तिनं गल्लीत तसं सांगितलंही. त्यानंतर दर मार्चला हेच होत गेलं. बारावीचा पेपर, मग कॉलेजच्या परीक्षा, मग नोकरी लागल्यावर शाळेची ड्युटी. मी पट्टा पडायच्या सुमाराला गावी जायचे, चुलाण पेटवायचे, पडदा लावायचे. आई येऊन दगडावर बसायची, मी तांब्या उचलायचे. "नको गं, उद्या तुला जायचंय," ती म्हणायची. "बरं," मी म्हणायचे. हळूहळू ती आमची रीतच झाली. मला वाटायचं, आईची माया अशीच आहे, तिला असंच आवडतं. तिच्या मायेचा मान ठेवायला नको का? मी तिच्यासाठी चांगला साबण न्यायचे, शाम्पूच्या पुड्या न्यायचे, कंबरेला लावायला मलम न्यायचे. एका वर्षी पाठ घासायचा लांब दांड्याचा ब्रश नेला. तो बघून ती म्हणाली, "आता गं बाई! हे लय बरं झालं. म्हंजी कुनाची गरजच न्हाई." मी हसले. आई चेष्टा करतेय असं मला वाटलं.

माझ्या पोटात मोठा मुलगा होता, सातवा महिना सरत आलेला, तेव्हा आईला उसाच्या फडावरून तापात आणलं. परभणीच्या दवाखान्यात चार दिवस होती. तिथं नर्स ओल्या कापडानं तिचं अंग पुसायची आणि मला बाहेर बसायला सांगायची, कारण वॉर्डात कसला कसला संसर्ग असतो. पाचव्या दिवशी सकाळी आई गेली. गावी नेल्यावर मी पुढं झाले तर बायकांनी मला धरून मागं ओढलं. पोटुशी बाईनं मड्याला हात लावायचा नसतो. माझ्याच भल्याचं होतं ते, माझ्या बाळाच्या भल्याचं. आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. मला शेजारच्या ओसरीवर बसवलं आणि आईला सखूमावशीनं न्हाऊ घातलं. सखूमावशी म्हणजे आईची टोळीतली जोडीदारीण, वीस हंगाम दोघी एकाच फडात राबलेल्या. मी ओसरीवरून पाण्याचा आवाज ऐकत होते. तो दगडावर पडतो तेव्हा कसा वाजतो आणि अंगावर पडतो तेव्हा कसा, हे मला चांगलं ओळखू येतं.

त्यानंतर मार्चमध्ये गावी जायचं कारण उरलं नाही. दादाही दोन वर्षांनी गेले. मी आपली नंबर टाकत राहिले, पेपर गोळा करत राहिले. आता आमच्याकडंही ऊस तोडायची यंत्रं आलीत म्हणतात, टोळ्या कमी झाल्यात. पण लिंब फुलला की मला अजून उगीचच चुलाणाचा धूर येतो, आणि वर्गात कुणी काही जाळलंय का, म्हणून मी खिडकीतून डोकावते.

यंदा ती मुलगी पेपरात झोपली आणि मला राहवलं नाही. सखूमावशी अजून जाते, हे मला माहीत होतं. आता तिच्यानं उसाची मोळी उचलत नाही, पण टोळीच्या भाकरी करते, उसाची वाढी, म्हणजे शेंड्यांचा हिरवा चारा, बांधते. तिचा मुलगा आणि सून पुण्याला बांधकामावर. म्हणजे तिच्या घरी मागं राहिलेलं कुणीच नाही. फोन करून टोळीचा दिवस विचारून घेतला आणि त्या रविवारी मी सोनपेठची एसटी पकडली.

शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन मी तिच्या अंगणात चुलाण पेटवलं. पाला आणला, दोरीवर चादर टाकली. हात विसरले नव्हते. ट्रॅक्टर अकराच्या सुमाराला आला. मावशी कंबर धरून उतरली, अंगणात आली आणि मला बघून थबकली.

"कोन, सुनी? तू कामून आलीस गं?"

"तुमचा शीण उतरवायला."

ती हळूहळू दगडावर जाऊन बसली. मी तांब्या भरला.

"नको माय," मावशी म्हणाली.

माझा हात आपोआप खाली जायला लागला. इतक्या वर्षांची सवय. पण मी पन्नास-साठ किलोमीटर एसटीनं येऊन, उन्हात चुलाणापुढं बसून, बरं म्हणायला आले नव्हते. "बसा मावशी," मी म्हटलं, "मी घालणार आहे."

"उद्या तुजी शाळा आसंल. ऱ्हाऊंदे."

"असू दे शाळा."

"आंग लय मळलंय गं माजं. तुला किळस यील."

"आता तुम्ही गप बसा बरं," मी म्हटलं, जरा रागावूनच.

आणि मावशी एकदम खुदकन हसली. पदर बाजूला सारून, पाय पुढं घेऊन नीट बसली. "आता कसं! घाल मग. झालं माजं तीनदा नको म्हनून."

"तीनदा?"

"तीनदाच की. शीण काय कुनाला खुशीनं द्यायचा आसतोय? घेनारीला तीनदा आडवायचं. तरी बी तिनं तांब्या सोडला न्हाई, तर मग बसायचं गुमान. तुजी आत्या तर तुज्या आईला शिव्या द्यायची, बस गं भवाने म्हनून." मावशी अजून हसत होती. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली. "तुला ठावं न्हवतं व्हय?"

मी मान हलवली. पडद्याच्या आतलं ते भांडल्यासारखं बोलणं. मी चुलाणाकडं तोंड करून बसलेली.

"आत्यानं सांगितलं न्हाई तुला?"

"आत्या गेली ना मावशी. त्याच वर्षी."

मावशी पायाच्या अंगठ्यानं दगडावरचं वाळलेलं शेवाळ खरवडत बसली. मी म्हटलं, "आई काही बोलली होती का तुमच्यापाशी?"

"जाऊंदे की आता. किती सालं झाली."

"सांगा मावशी."

"ती काय वंगाळ बोलनारी न्हवती," मावशी म्हणाली. "म्हनायची, पोरगी एकदाच इचारती. शिकल्याली हाय, आपल्या घामट आंगाला हात लावू वाटत नसंल. तिची काय चूक न्हाई, म्हनायची. मी म्हनायची, अगं, तूच म्हन की तिला, घाल म्हनून. तर म्हनायची, आसं मागून घ्यायचं आसतंय का कुटं? आन् गाडीत बसताना दरसाली म्हनायची, सखू, औंदा दुसऱ्यांदा इचारील बग."

चुलाणातली काटकी मोडून खाली पडली. मी ती आत सरकवली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून सरकवली.

अकरा वर्षं. दर वर्षी मी पडदा बांधला, पाणी तापवलं, आणि आई दगडावर येऊन बसली. ती बसली नसती, तर गोष्ट वेगळी होती. नको म्हणणारी बाई दगडावर येऊन कशाला बसेल, एवढं साधं मला कधी सुचलं नाही. मी विज्ञान शिकवते, निरीक्षण करा, निरीक्षण करा, म्हणून पोरांच्या मागं लागते. आणि मी लोकांना सांगत फिरले की माझ्या आईनं माझ्यासाठी त्याग केला. ती पडद्याआड बसून वाट बघत होती. मी आत बसून उदाहरणं सोडवत होते.

"पानी निवायलंय गं," मावशी म्हणाली.

मी पाणी घातलं. आधी पायांवर. टाचा वजरीनं घासल्या, भेगांत काळी माती गच्च बसली होती ती निघायला वेळ लागला. मग हात, कोपरं, बगला. पीठ लावलं, तेल लावलं. मावशीनं डोळे मिटले होते आणि तोंडानं ती हलका हुंकार देत होती, लहान लेकरू दूध पिताना देतं तसा. मी रडत होते, पण मावशीनं ते बघितलं नाही किंवा बघून सोडून दिलं. मग मी तिला म्हटलं, जरा वाका, आणि पाठीवर, मग शेवटी डोक्यावर पाणी घातलं.

मी तळवा तिच्या पाठीवर टेकवला आणि तसाच ठेवला. मणके एकेक हाताला लागत होते. दोन्ही खांद्यांच्या मधे, एरवी पोलक्यानं झाकलेली, सुपारीएवढी एक टणक गाठ होती.

"हे काय मावशी?"

"मोळीची गाठ. डोक्यावरचा भार तितं उतरतोय. समद्या बायांना आसती ती."

"आईलाही होती?"

"म्हंजी?" मावशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं न्हाई?"